आंबलेला मध आणि नासलेला कायदा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणाचा वेळ जायला नको. मी दारू पीत नाही. माझा सख्खा मामा हातभट्टीनं गेला. त्याच्या तेराव्याला मामीच्या कपाळाकडं बघवत नव्हतं. त्यामुळं "पत्रकाराला बाटली पोचली वाटतं" असं लिहायची ज्याला घाई झाली असेल, त्यानं खुशाल लिहावं. पण आधी शेवटपर्यंत वाचावं.

गेल्या जूनमध्ये महाबळेश्वर तालुक्यात एका बातमीसाठी गेलो होतो. पाऊस नुकताच लागला होता. एका मधपाळाच्या घरी चहाला थांबलो. वय साठीच्या पुढं, चाळीस वर्षं सातेरीच्या पेट्या सांभाळणारा माणूस. पडवीत कोपऱ्यात पाच-सहा प्लास्टिकचे कॅन होते, त्यातल्या एकाचं झाकण फुगून वर आलेलं. मी विचारलं, "काका, हे काय?"

म्हणाले, "आंबला ओ. हिरड्याचा मध. पाऊस लवकर आला, माशीनं घर बंद करायच्या आधी काढाय लागला. पातळ राहिला. आता ह्येला कोण घेतंय?"

झाकण काढून दाखवलं. वर फेस, आणि वास म्हणाल तर गोड, आंबूस, जरासा झिंगणारा. वीसेक किलो माल असेल. किलोला पाचशे धरले तरी दहा हजार रुपये. त्या घराला ते लहान नाहीत.

काकांचा पोरगा पुण्यात काम करतो, तेव्हा सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "सर, पुण्यात मधाची वाईन विकतात. बाटलीवर माशीचं चित्र असतंय. आमच्याकडं तर आपोआप व्हायला लागलीय. आम्ही केली तर?"

मी हसलो. आणि मग हसू गेलं. कारण उत्तर मला माहीत होतं. वीस-बावीस वर्षं तालुक्या-जिल्ह्याच्या बातम्या करतोय. छाप्याच्या प्रेसनोट मला पाठ आहेत. "गूळमिश्रित कच्चे रसायन इतके लिटर, किंमत इतके रुपये, जागीच नष्ट केले. आरोपीविरुद्ध महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम कलम 65 अन्वये गुन्हा दाखल." काकांनी त्या आंबल्या मधात पाणी घालून तीन आठवडे झाकून ठेवलं, तर उद्याच्या प्रेसनोटमध्ये 'गूळमिश्रित'च्या जागी 'मधमिश्रित' एवढाच काय तो फरक. बातमी मीच टाईप करीन.

हा कायदा नीट वाचा, मित्रांनो. 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम, आता नाव बदलून महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. त्यातली 'मद्या'ची व्याख्या अशी आहे की ज्यात अल्कोहोल आहे तो प्रत्येक द्रव त्यात बसतो. कलम 12 सांगतं, परवान्याशिवाय मद्य तयार करायचं नाही. आणि 65 मध्ये शिक्षा, तुरुंगवास आणि दंड. किती तयार केलं, किती टक्क्यांचं केलं, विकायला केलं की घरी दिवाळीला चार जणांत वाटायला केलं, हा प्रश्नच मुळात वेगळा विचारलेला नाही. शब्दशः वाचलं तर काकांच्या पडवीतला तो फुगलेला कॅनसुद्धा मद्यच. गुन्हेगार कोण? सातेरी माशी, हिरड्याचं झाड आणि सात जूनचा पाऊस. करा पंचनामा.

आता थोडं विज्ञान, कारण याबद्दल लोकांच्या डोक्यात फार गोंधळ आहे.

मधात साखर साधारण ऐंशी टक्के असते. पिकलेला, माशीनं मेणानं बंद केलेला मध घट्ट असतो, त्यात यीस्ट जगत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. पाण्याचं प्रमाण वाढलं की तो आंबायला लागतो. अन्नसुरक्षेचं मानक पाणी 20 टक्क्यांच्या आत मागतं. आपल्या डोंगरातल्या सातेरीचा मध मुळातच पातळ, त्यात कोयना-महाबळेश्वरची हवा. चांगला मध नापास होतो तो भेसळीमुळं नाही, हवेमुळं.

या मधात मुद्दाम पाणी घातलं, यीस्ट टाकलं, आणि हवा आत जाणार नाही पण वायू बाहेर पडेल असं झाकण लावलं की साखरेचा अल्कोहोल होतो. किती व्हायचा ते मधावर ठरतं. लिटरमागं सव्वाशे ग्रॅमच्या आसपास मध घातला तर साधारण सहा टक्क्यांची, म्हणजे बिअरच्या जवळ जाणारी हलकी वाईन होते. पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास घातला तर बारा-तेरा टक्क्यांची, द्राक्षाच्या वाईनच्या तोडीची पूर्ण वाईन. म्हणजे एका किलो मधात हलकी सात-आठ लिटर, किंवा कडक साडेतीन लिटर. हलकी महिन्या-दीड महिन्यात पिण्याजोगी होते, कडक वाईनला चांगली चव यायला सहा महिने, वर्ष थांबावं लागतं. इंग्रजीत याला मीड म्हणतात. इथिओपियात याच जातीचं 'तेज' पिढ्यान्‌पिढ्या घरोघर करतात.

यात कुठंही भट्टी नाही. उकळून वाफेचे थेंब पाडणं नाही. आणि हाच मुद्दा आपल्याकडं कुणी लक्षात घेत नाही. आंबवणं आणि ऊर्ध्वपातन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यीस्ट पंधरा टक्क्यांच्या आसपास स्वतःच मरतं, त्यापुढं निसर्ग नेत नाही. त्यापुढं नेते ती भट्टी.

आणि विष? जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं मेली. ती आंबवण्यानं मेली नाहीत, मिथेनॉलनं मेली. उद्योगात वापरायचं स्पिरिट चोरून दारूत मिसळलं गेलं. फळाच्या सालीत पेक्टिन असतं, त्यातून थोडं मिथेनॉल तयार होतं. मधात तेही जवळजवळ नसतं. म्हणजे विषारी दारूची भीती दाखवून ज्या गोष्टीवर बंदी घालताय, तिच्यात ते विष तयारच होत नाही.

पण थांबा. मी कायद्याच्या विरोधात लिहितोय, तुम्हाला कायदा मोडायला सांगत नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघून कोल्ड्रिंकच्या बाटलीत यीस्ट टाकणारी पोरं आपल्याच गावात आहेत, मला नावं माहीत आहेत. करू नका. एक तर गुन्हा आहे. दुसरं म्हणजे अर्धवट आंबलेलं काचेच्या बाटलीत बंद केलं की वायू साठतो आणि बाटली फुटते, डोळा जातो. पण ही पोरं चोरून करतात म्हणूनच कुणाला विचारत नाहीत, हेही तेवढंच खरं. बंदीनं गोष्ट थांबली नाही. फक्त माळ्यावर गेली.

आता गंमत बघा. कुठल्याही मेडिकलमध्ये जा आणि दशमूलारिष्टाची बाटली मागा. चिठ्ठीसुद्धा लागत नाही. लेबल वाचा. 'स्वयंजनित अल्कोहोल', पाच ते दहा टक्क्यांच्या घरात. त्यात मध पडतो, गूळ पडतो, आणि आंबवायला धायटीची फुलं. ही धायटी आपल्याच जावळी-पाटणच्या डोंगरात लालभडक फुलते. चरकाच्या प्रमेह चिकित्सेत 'मध्वासव' आहे, नावातच मध. आसव म्हणजे काय, तर आंबवलेलंच. कायद्यानं औषधाला सूट दिली आहे, कलम 24अ. ती असायलाच हवी, माझी तक्रार नाही. पण मग निदान हे तरी कबूल करा की मध आंबवणं हे पाप नाही, परदेशी फॅड नाही, ते आपल्याच वैद्यांनी हजारो वर्षं केलंय. गोष्ट तीच. बाटलीवर वैद्याचा शिक्का असला की टॉनिक, मधपाळाच्या पडवीत असली की कच्चे रसायन.

"मग काकांनी व्हिनेगर करावा की," असं मला एका सरकारी कार्यालयात एका साहेबांनी सुचवलं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. साहेब भला माणूस आहे, आणि त्यांच्या हातातही काही नाही. पण साहेब, व्हिनेगर होतो कशापासून? आधी साखरेचा अल्कोहोल होतो, मग अल्कोहोलचा व्हिनेगर. मधाचा व्हिनेगर करायचा तरी वाटेत वाईनचं स्टेशन लागतंच. गाडी तिथं थांबली की गुन्हा, पुढं गेली की गृहउद्योग?

साहेब हसले. म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. पण कागदावर बसत नाही."

कागदावर काय काय बसतं ते सांगतो.

10 जून 2025. राज्य मंत्रिमंडळाची बैठक. त्यात 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा एक नवाकोरा प्रकार जन्माला आला. धान्यापासूनची दारू, राज्यातल्या उत्पादकांसाठी. विदेशी मद्याचं शुल्क वाढवलं ते त्याच बैठकीत. हिशोब काय होता? तिजोरीत वर्षाला 14,000 कोटी जादा यावेत. म्हणजे नवीन प्रकार काढायचा म्हटला की एका दिवसात निघतो. कागद पाहिजे तेवढा लांब होतो. फक्त मागणाऱ्याकडं डिस्टिलरी पाहिजे. प्लास्टिकचे सहा कॅन असून चालत नाही.

आणि डिस्टिलरी कुणाकडं आहेत हे सातारा-सांगलीच्या माणसाला मी सांगायला नको. ऊस आपला, कारखाना आपला, मळी आपली, मळीचं स्पिरिट आपलं. चौकातल्या देशी दुकानातली बाटली त्यातूनच येते. माझ्या मामानं हातभट्टीच्या आधी वीस वर्षं तीच रिचवली, सरकारमान्य, शिक्क्याची. त्या बाटलीला कुणी संस्कृतीची अडचण सांगत नाही. कारखान्याच्या वार्षिक सभेत डिस्टिलरीचा नफा वाचला की टाळ्या पडतात. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतलेच चार जण उद्या मधाच्या वाईनचं नाव काढलं की "पिढी बिघडेल" म्हणून निवेदन घेऊन येतील. फोटो मलाच पाठवतील.

ही रीत आजची नाही. 1878 चा मुंबई अबकारी कायदा इंग्रजांनी केला तो लोकांची तब्येत सुधारावी म्हणून नव्हे. गावोगाव होणारं मद्य मोठ्या ठेकेदाराच्या ताब्यात यावं, म्हणजे कर मोजता येतो. पुढं 1892 मध्ये ठाणे-कुलाब्याकडं मोहाच्या फुलांवर कायदा केला. फुलं! आदिवासींच्या घरात किती फुलं साठवायची ते सरकार ठरवणार. इंग्रज गेला. त्याचा हिशोब आपण ठेवून घेतला. लहान माणसाचं मद्य हा गुन्हा, मोठ्या माणसाचं मद्य हा महसूल.

आता पलूसकडं चला. सांगली जिल्हा. तासगाव-पलूसची द्राक्षं जगात जातात. 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. वाईनला शुल्कात सवलती दिल्या, आणि दोन वाईन पार्क काढले, एक नाशिकजवळ विंचूरला, दुसरा आपल्या पलूसला, कृष्णा काठचा. नाशिकचं नाव झालं. लोक आता तिकडं वाईन प्यायला नाही, बघायला जातात. पलूसला काय झालं? कुणाही पलूसकराला विचारा. द्राक्ष पडलं की आजही तासगावात बेदाण्याचंच शेड. पैसा, जागा, धोरण सगळं होतं. मग चुकलं काय? माझं मत असं की, वाईन हा कारखान्याचा धंदा आहे असं आपण आधीच ठरवून टाकलं. मोठं शेड, मोठी टाकी, मोठं कर्ज. युरोपात वाईन आधी घराच्या तळघरात शिकले, मग कारखान्यात गेले. आपण शाळा न काढता थेट विद्यापीठ काढलं.

म्हणून मला घरच्या वाईनचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. घरी करणारा माणूसच पुढं धंदा करतो. पुण्यात मूनशाईन आहे, नाशिकला सेराना आहे. ती दोन महिलांनी उभी केली, आणि नाव कुणाचं घेतलं? आपल्या सातेरीचं, एपिस सेराना. नाव आमच्या माशीचं, आणि आमच्या डोंगरात तिचं काम करणाऱ्याला कलम 65. या दोन्ही कंपन्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे, त्यांनी नियमांच्या जंगलातून वाट काढली. पण ती वाट ज्याच्याकडं वकील, भांडवल आणि चार वर्षं थांबायची ताकद आहे त्याच्यासाठी. मांघरच्या मधपाळानं काय करायचं?

मांघर आठवतं ना? 16 मे 2022 ला महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं 'मधाचं गाव' जाहीर झालं. मीही तेव्हा कौतुकानं लिहिलं होतं, आजही कौतुकच आहे. खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, पेट्या देतं, प्रशिक्षण देतं, मध विकत घेतं. चांगलं काम आहे. पण मधाचं गाव केलं, मधाचं पुढं काय? बाटलीत भरून पर्यटकाला विकायचा, बस. आणि बाजारात कुणाशी सामना? डिसेंबर 2020 मध्ये सीएसई या दिल्लीच्या संस्थेनं मोठे ब्रँड तपासले, 13 पैकी फक्त 3 सगळ्या चाचण्यांत पास झाले. बाकीच्यांत साखरेच्या पाकाचा संशय. म्हणजे पाक घालणारा मॉलमध्ये, आणि खरा मध आंबला म्हणून पडवीत.

कारवीचा मध माहीत आहे तुम्हाला. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी. देशाच्या मध मानकात या एका मधासाठी साखरेच्या मर्यादेत वेगळी सूट लिहिलेली आहे, वनस्पतीचं नाव घेऊन. म्हणजे दिल्लीत बसलेल्या माणसानं आमच्या कारवीसाठी एक ओळ लिहिली. मुंबईत बसलेल्याला आमच्या मधपाळासाठी एक ओळ लिहिता येत नाही?

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही, म्हणून नीट घेतो.

सातारा जिल्हा हा दाभोलकरांचा. इथं 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथल्या रांगा मी पाहिल्यात. खटाव तालुक्यातलं कटगुण हे महात्मा फुल्यांचं मूळ गाव. त्यांनी 1880 मध्ये पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला होता. गावागावांत बायकांनी बाटली आडवी केलीय. पंचवीस टक्के महिलांच्या सह्या, मग मतदान, आणि एकूण महिला मतदारांत निम्म्याहून जास्त मतं पडली तरच दुकान बंद. मी असं मतदान कव्हर केलंय. म्हातारी बाई नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आली होती, आडव्या बाटलीवर शिक्का मारायला. ती बाई मला आज विचारेल, "का रं बाळा, आम्ही बाटली आडवी केली, आणि तू घराघरात उभी करतोस?"

तिला मी काय सांगू?

पहिली गोष्ट, हे औषध आहे असं सांगणार नाही. "मधाची आहे, तब्येतीला चांगली" असं विकायला येईल त्याला आधी झाडून काढा. अल्कोहोलचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय. सहा टक्क्यांची असली तरी ती दारूच आहे. ज्याच्या घरात व्यसन आहे त्यानं तिच्याजवळही जाऊ नये.

दुसरी गोष्ट, आजी, तुमची बाटली मी तुमच्याच हातात देणार आहे. माझी मागणी अशी आहे की गावात घरगुती परवाना द्यायचा की नाही हे महिला ग्रामसभेनं ठरवावं. नको म्हणाल्या तर विषय संपला, अपील नाही. देशी दुकान गावातून घालवायला तुम्हाला निम्म्याहून जास्त मतं गोळा करावी लागतात. इथं उलटं करा. आधी परवानगी बायकांची, मग वाईन.

तिसरी गोष्ट आकड्याची. माझ्या मामाला मारलं ते स्वस्त, कडक आणि रोज सकाळी उघडणाऱ्या दारूनं. एक बाटली हलक्या वाईनसाठी महिनाभर थांबावं लागतं आणि शे-सव्वाशे ग्रॅम चांगला मध घालावा लागतो, त्याची किंमतच पन्नास-साठ रुपये. रोजंदारीवरचा माणूस दु:ख बुडवायला हे करणार नाही. त्याच्यासाठी चौकात सोय आहे, शासनाच्या कृपेनं.

म्हणून मागण्या मोजून लिहितो. कुणाही आमदाराला, कुठल्याही पक्षाच्या, कॉपी करून न्यायला मोकळीक आहे.

एक. कायद्यात आंबवणं आणि भट्टी वेगळी करा. भट्टी लावली, थेंब पाडला, की आजच्याइतकीच कडक कारवाई. त्यात सूट नको.

दोन. मधाच्या वाईनचे दोन वर्ग करा. आठ टक्क्यांपर्यंत हलकी, त्यापुढं पंधरापर्यंत पूर्ण. नियम आणि शुल्क ताकदीप्रमाणं. आज सहा टक्के आणि बेचाळीस टक्के एकाच भीतीखाली येतात, हा अडाणीपणा आहे.

तीन. घरगुती परवाना. वर्षाला ठरावीक लिटर, फक्त घरच्यासाठी, विक्री नाही, नोंद ठेवायची, वयाचा नियम कडक, महिला ग्रामसभेची संमती. अमेरिकेनं 1978 मध्ये घरगुती बिअरला सूट दिली, आज तिथं दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरपर्यंत घरची वाईन करता येते, आणि बिअरही तेवढीच. मला तेवढी नको. पन्नास लिटर द्या. ब्रिटननं 1963 मध्येच घरच्या बिअरचा परवाना काढून टाकला. तिथलं आकाश कोसळलं नाही.

चार. विकायची असेल तर मधपाळांची सहकारी संस्था. तालुक्याला एक लहान युनिट, तिथं प्रयोगशाळा, तिथंच भरणी. मध फक्त नोंदणी केलेल्या मधपाळाकडून, पाकाला बंदी. खादी मंडळाला हे करायला सांगू नका, त्यांच्या तत्त्वात बसत नाही हे मला कळतं. सहकार खातं आहे की. साखरेसाठी सहकार चालतो, मळीसाठी चालतो, मधासाठी का नको?

पाच. द्राक्षाच्या वाईनला विक्रीवरच्या 20 टक्के व्हॅटमधले 16 टक्के परत देणारी योजना आहे. पहिली पाच वर्षं तशीच वागणूक या लहान संस्थांना द्या.

यातलं काही आकाशातून आणायचं नाही. 27 जानेवारी 2022 ला याच राज्यानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचा निर्णय घेतला होता, शेतकऱ्याचं नाव पुढं करून. गदारोळ झाला, उपोषणाचे इशारे झाले. मला तेव्हाही वाटलं होतं, आजही वाटतं की भांडण चुकीच्या टोकाला चाललंय. सगळे विकायच्या दुकानावर भांडत होते. करायचा हक्क कुणाला, हे कुणी विचारलंच नाही. हजार चौरस फुटांचं दुकान असणाऱ्याची चर्चा झाली. शंभर चौरस फुटांची पडवी असणाऱ्याची नाही.

परवा काकांना फोन केला. म्हटलं, त्या मधाचं काय केलंत?

"ओतला ओ गोठ्यामागं. मुंग्या लागल्या, अस्वल येईल म्हणून वर माती टाकली." थोडं थांबून म्हणाले, "पोरगा आता पुण्यातच ऱ्हातोय म्हणतोय. पेट्या कमी करतो मी औंदा. दोघांच्यानं होत न्हाई."

वीस किलो हिरड्याचा मध. हिशोब केला तर दीडशे लिटर हलकी वाईन. ती चांगली झाली असती का? माहीत नाही, आंबलेल्या मधाची चव सांभाळायला शिकावं लागतं. पण शिकायचीच परवानगी नसेल तर कुणी शिकणार कसं? आणि पेट्या कमी झाल्या की फक्त मध कमी होत नाही. तिकडं आटपाडी-जतला डाळिंबाला फळ धरायला माशी लागते, इथं हिरड्या-जांभळाला लागते. माशी पाळणारा गेला की माशीचा राखणदार गेला.

मामाच्या मरणानं मला दारूचा राग दिला. तो राग मी सोडलेला नाही. पण तो कुणावर काढायचा हे आता नीट कळलंय. तो पडवीतल्या फुगलेल्या कॅनवर काढण्यात काही अर्थ नाही. तो काढायचा चौकातल्या शटरवर, आणि त्या शटरचा नफा मोजत आपल्याला संस्कृती शिकवणाऱ्यांवर.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर मुद्द्यावर बोला, उत्तर देईन. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळ्याकडच्या मधपाळांनी मला इनबॉक्समध्ये फक्त एवढं कळवा, यंदा तुमचा किती किलो मध आंबला आणि त्याचं काय केलंत. नाव गुप्त राहील. आकडे गोळा झाले की निवेदन मी स्वतः टाईप करतो. छाप्याच्या प्रेसनोट खूप टाईप करून झाल्या.